गावावरची केस

मी गावात पोचले त्याच दिवशी बातमी पसरली, की औरंगाबादेहून एक पोरगी केस करायला आलीय. दूध संकलन केंद्राच्या कट्ट्यावर बसलेल्या एकानं मला सरळच विचारलं, "ताई, केस कुणावर टाकलीय? डेरीवर का चेअरमनवर?"

"कुणावरच नाही. केस स्टडी म्हणजे अभ्यास असतो," मी म्हटलं.

"मंग इतक्या लांब कावून आलात? अभ्यास तर कालिजात व्हतो."

मी नुसती हसले. खरं तर मलाही एकाच गावात येऊन राहायचं नव्हतं. मी मूळची बीडची, पण शहरात वाढलेली. दुष्काळ म्हणजे नळाला किती दिवसांनी पाणी येतं, एवढीच माझी ओळख. पर्यावरण आणि विकास या विषयात संशोधन करायचं ठरलं, तेव्हा जिल्हाभर फिरून गावोगाव प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोरड्या वर्षात किती डेऱ्या बंद पडल्या, हे तुला प्रश्नावलीतून कळेल. पण एखादी टिकली, ती कशी टिकली, हे कसं कळेल?"

"पण मॅडम, एका गावावरून जिल्ह्याचं काय सांगता येणार?"

"जिल्ह्याचं नाहीच सांगायचं. त्या गावात कशामुळे काय घडलं, तेवढंच नीट सांगायचं. ते जमलं तरी पुष्कळ."

म्हणून मी आष्टी तालुक्यातल्या त्या गावात आले. गावाचं नाव अहवालात दिलं नव्हतं, इथंही देत नाही. लागोपाठ दुसरं वर्ष पावसाविना गेलं होतं. आसपासच्या गावांतल्या दूध संस्था एकामागून एक बंद पडल्या होत्या, पण इथं सकाळ-संध्याकाळ दूध गोळा होत होतं. का, एवढाच माझा प्रश्न होता.

माझी राहायची सोय संकलन केंद्र चालवणाऱ्या बाईंकडे झाली. त्यांना सगळं गाव काकू म्हणायचं, मीही म्हणू लागले. उंच, सडसडीत, बोलण्यात फटकळ. पहिल्याच सकाळी केंद्रावर मी शहाणपणा दाखवत विचारलं, "काकू, दुधात पाणी घातलेलं कसं ओळखता?"

"पानी घालायला आदी पानी तर पायजे, पोरी," त्या म्हणाल्या, आणि रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या.

दिवाळी होऊन गेली होती. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या होत्या आणि निम्म्या घरांना कुलपं होती. त्यातल्या काही घरांसमोर मात्र जनावरं बांधलेली दिसायची, पोट भरलेली, अंग घासूनपुसून काढलेली. काकूंच्या शेजारच्या कुलूपबंद दारापुढे एक गाभण म्हैस उभी असायची. मी विचारलं, "ही कुणाची?"

"मालकीण कोयत्यावर गेलीय. तवर माझी."

कोयत्यावर जाणं म्हणजे ऊस तोडायला जाणं, हे मला माहीत होतं. पण म्हैस मागे ठेवून जाणं नवीन होतं. काकूंनी सांगितलं ते इतकंच, की जो सांभाळतो त्यानं दूध घ्यायचं, रेडकू मालकाचं, आणि चारा तिकडून यायचा. मी ते टिपून ठेवलं, पण त्याचं महत्त्व मला लगेच उमगलं नाही. पुढचे काही दिवस माझे चेअरमन साहेबांकडे गेले. गावातले मोठे शेतकरी, राजकारणात वजन असलेले. मला खुर्ची देऊन, चहा पाजून ते तासन्‌तास बोलायचे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे डेरी टिकली ती टँकरमुळे, बोअरमुळे आणि त्यांनी तालुक्याला मारलेल्या खेट्यांमुळे. माझी वही भरत आली. मॅडमना वाटत होतं, आता मी परत येऊन लिहायला बसावं. मी कळवलं, की ज्यांच्या घरांना कुलपं आहेत त्यांच्याशी मी अजून बोललेच नाही, मला आणखी वेळ हवा. त्यांनी तो दिला.

मधल्या काळात ती म्हैस व्याली. रेडी झाली. काकूंना इतका आनंद झाला, की जणू घरात लेकच बाळंतीण झाली. त्यांनी चिकाचा खरवस केला, गूळ घातला, वड्या पाडून स्टीलच्या डब्यात भरल्या आणि म्हणाल्या, "चल, मालकिणीला द्यून यिऊ."

गावातला एक टेम्पो दर आठवड्याला नगरकडच्या साखर कारखान्याच्या भागात जायचा आणि उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, भरून आणायचा. आम्ही दोघी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. काकूंनी डबा मांडीवर घट्ट धरला होता. आमच्या बाजूची उघडी, करपलेली रानं मागे पडली आणि एका कालव्यानंतर एकदम दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. काकू काच खाली करून बघत राहिल्या. "ह्यांच्याकडं दुष्काळ बी हिरवा असतू," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवलच होतं.

उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, म्हणजे वाळल्या पानांच्या झोपड्या होत्या. आमच्या गावच्या टोळीतल्या बायका मोळ्या बांधत होत्या. त्यांतली एक, म्हशीची मालकीण, काकूंना बघून कोयता टाकून धावतच आली. गळ्यात पडली, आणि गावाकडच्या कुणाचीही चौकशी करायच्या आधी विचारलं, "आदी म्हशीचं सांगा!"

काकूंनी डबा उघडून पुढे धरला. तिनं वडीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि पदरात तोंड लपवून हसायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "रेडी का रेडा?"

"रेडी हाय. कपाळावर पांढरा टिक्का."

मग खरवस सगळ्या टोळीत फिरला. मला पण मिळाला. कोपीपुढे बसून तिनं मला हा व्यवहार कसा सुरू झाला ते सांगितलं. "पयल्या साली आमी म्हैस इकायला आष्टीच्या बाजारात गेलतो. गिऱ्हाईकच न्हाई. सगळेच इकायला आल्याले. म्हैस घिऊन माघारी आलो तर काकू दारात. म्हनल्या, इकू नको, माझ्याकडं ठिव. मी म्हनलं, खायला काय घालताल? तर म्हनल्या, तू जातीस तिथं काय कमी हाय? तिथून धाड."

टोळीला वाढे मिळायचे, टेम्पो गावचाच होता, आणि कारखाना एका दिवसात जाऊन येण्याइतका जवळ होता. एकीचं बघून दुसरीनं केलं. तसं करत करत कुलपं लावलेल्या घरांच्या म्हशी गावातच राहिल्या आणि दूध आटलं नाही. येताना टेम्पो वाढ्यांनी भरलेला होता. काकू वाटेत झोपल्या. मी मात्र जागी होते, आणि खूप दिवसांनी आपण योग्य ठिकाणी आलो आहोत असं मला वाटत होतं.

गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळ्या परतल्या. मी लिहिलेलं गावाला वाचून दाखवायचं, असं मॅडमनी सांगितलं होतं. संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर केंद्राच्या अंगणात सगळे बसले. मी वाचत गेले, मधून मधून लोक हसत होते. वाचून झाल्यावर चेअरमन उठले.

"सगळं झ्याक लिवलंय. पर संघाची गाडी? ती काय आपुआप येत व्हती?"

गावचं दूध उचलून नेणाऱ्या दूध संघाच्या त्या गाडीबद्दल मी एकच ओळ लिहिली होती. मला वाटलं, आता वाद होणार. पण काकूच बोलल्या, "त्ये खरं हाय. कॅन निम्मे रिकामे जात व्हते, तवा संघ गाडी बंद करनार व्हता. ह्ये चेअरमन तिथं जाऊन बसले, म्हनून गाडी ऱ्हायली. गाडी नसती तर दूध काय उशाला घिऊन झोपलो असतो?"

चेअरमन समाधानानं खाली बसले. मग काकूंचा भाऊ बोलला. तो शेजारच्या गावचा, बहिणीकडे पाहुणा आलेला. त्यांच्या गावची डेरी बंद पडली होती.

"आमच्यात बी म्हशी ठिवल्या व्हत्या की," तो म्हणाला. "बहिनीचं बघूनच. पर आमच्या टोळ्या जात्यात पार कर्नाटकात. वाढे यायचे कसे? म्हशी उपाशी राहिल्या, मंग इकल्या."

मग त्याच्याभोवती बायकांनी घोळका केला आणि कोणती टोळी कुठं जाते, टोळी नेणारा मुकादम कोण ठरवतो, यावर मोठी चर्चा सुरू झाली. माझ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. मी कागद बाजूला ठेवून ऐकत बसले.

मी तो भाग पुन्हा लिहिला. गाडीला तिची जागा दिली, आणि ही सोय कुठं चालणार नाही तेही लिहिलं. मॅडम वाचून म्हणाल्या, "तुझं आधीचं लिखाण नुसतं कौतुकाचं होतं. आता त्याचा कुणाला उपयोग होईल."

पुढच्या हंगामात काकूंच्या भावाच्या गावातल्या काही बायकांनी मुकादमाशी भांडून टोळी नगरकडच्या कारखान्याला न्यायला लावली. सगळे काही गेले नाहीत, काही कर्नाटकातच गेले. पण काही म्हशी गावात राहिल्या आणि डेरीचं कुलूप निघालं. हे मला काकूंनी कळवलं तेव्हा मी बसनं बघायला गेले. पत्र्याच्या शेडमध्ये काकूंचा भाऊ माप घेऊन उभा होता आणि बायका एकेक करून दूध ओतत होत्या. कॅन काही भरत नव्हते, तरी त्याचा चेहरा फुलला होता. त्यानं मला बघून लांबूनच हाक मारली, बसायला पोतं टाकलं आणि चहा सांगितला. माझी परतीची आष्टीची बस येऊन निघून गेली. मी उठले नाही. पुढची बस केव्हा येते, तेही मी कुणाला विचारलं नाही.