उंदरांसाठी नेलेलं भुसकट

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना बाजरीच्या भुसकटाची गादी घातली, तो मूर्खपणा मात्र चांगला शिकून-सवरून केलेला.

निरगुडसरची मी. एम.एस्सी. झाले होते आणि त्याचा तोरा असा, की सुट्टीला घरी आले की चुलीच्या धुरात कायकाय असतं ते आईला समजावून सांगायची. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं, आता ती फुकणी दे हिकडं."

मी मदतनीस होते त्या प्रयोगशाळेत माझ्याहून थोरली एक मुलगी पीएच.डी. करत होती. ती जुन्नरची, म्हणजे आमच्याच वाटेवरची, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. शनिवारी आम्ही एकाच एसटीने निघायचो. मी मंचरला उतरायचे, ती पुढे जायची. खिडकीतून हात हलवायची ती, आणि मी वेडी गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी.

ताईचं काम फुप्फुसांवर होतं. मोठ्या आजारात माणसाची फुप्फुसं एकाएकी सुजतात, त्यांत पाणी भरतं, श्वास कोंडतो. हे कसं होतं, ते ती उंदरांवर बघायची. काही उंदरांच्या नाकात जंतूंपासून काढलेलं विष थेंबाथेंबाने सोडायचं, काहींच्या नाकात नुसतं मिठाचं पाणी. दुसऱ्या दिवशी दोघांची फुप्फुसं काढून शेजारी-शेजारी ठेवायची. विषवाल्यांची लालभडक आणि जड, मिठाच्या पाण्याची हलकी, गुलाबी. हा फरक दिसला तरच पुढचं सगळं काम खरं.

उंदीर जगायचे नाहीत, दोन्हींकडचे. मला ते जड जायचं. पिंजरे बदलणं माझ्याकडे होतं, तर म्हटलं, आहेत तेवढे दिवस तरी बिचाऱ्यांना उबेत ठेवू. थंडी सुरू झाली होती आणि पिंजऱ्यात लाकडाच्या भुशाचा पातळसा थर. आमच्या गोठ्यात वासरालासुद्धा याहून बरं अंथरूण असायचं. दिवाळीला घरी गेले, नुकती मळणी झालेली. गोणीभर भुसकट एसटीच्या टपावर टाकून आणलं. बाहेरचं काही आत न्यायचं तर आधी वाफेच्या यंत्रातून काढावं लागे. पण ते ओलं होऊन उंदीर गारठतील, असं माझ्या हुशार डोक्याने ठरवलं. भुशाखाली मूठ-मूठ पसरलं. उंदीर त्यात घुसून गोल झोपले आणि मी स्वतःवरच खूश.

त्यानंतर ताईचा प्रयोग बिघडला. मिठाच्या पाण्याचे उंदीरही सुजलेल्या फुप्फुसांचे निघायला लागले. तिने पाणी बदललं, नळ्या बदलल्या, हात कातडी निघेपर्यंत धुतले. पुन्हा तेच. तिचे मार्गदर्शक सर सगळ्यांसमोर म्हणाले की काही जणांच्या हातांना हे काम जमतच नाही. ताई परत नळ्या धुवायला लागली. मी तिला चहा आणून दिला आणि वर सल्लाही दिला, की थेंब जरा सावकाश सोडून बघ. आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

त्या शनिवारी गाडीत ती म्हणाली, घरी सांगून टाकते, जमत नाही मला. जुन्नरलाच शाळेत नोकरी बघते. मी मंचरला उतरले, तर तिने हातही हलवला नाही.

रविवारी चुलत्यांच्या खळ्यावर मळणी होती. यंत्र सुरू झालं, भुसकटाचा लोट उठला, आणि लहानपणापासूनच्या सवयीने मी ओढणी नाकातोंडावर आवळून बांधली. गाठ मारता मारता हात थांबले. इथे उघड्यावर, वाऱ्यात, मी तोंड बांधत होते. तिकडे दाण्याएवढी नाकं बंद पिंजऱ्यात रात्रंदिवस त्याच धुळीत खुपसलेली. भुसकटाच्या धुळीत जंतू असतात आणि त्यांचं विषही असतं, ताई नाकात सोडायची तेच, हे तर मी परीक्षेत लिहून आले होते. चुलती ओरडत होती, "अगं, उबी काय राह्यलीस, पाटी दे की." मी पाटी दिली, ती रिकामीच.

सोमवारी पहाटे मंचरला जुन्नरची गाडी आली. ताई खिडकीशी होती. घरी सांगून आली होती, आज सरांनाही सांगणार होती. मी बसायच्या आधीच बोलायला लागले, अर्धं रडत. गोणी, गोठा, वासरू, ओढणी, सगळं एका दमात. पुढच्या सीटवरचे बाबा मागे वळून बघायला लागले.

खेड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, आता ही माझं तोंड पुन्हा बघायची नाही. मग तिने आपले सोललेले हात मांडीवर पालथे-उलथे करून पाहिले, जणू कुणी परत आणून दिले होते. कोणकोणत्या पिंजऱ्यांत घातलंस, विचारलं. सगळ्याच, मी म्हटलं. तिने डोळे पुसले, की हसली, ते मला नीट दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरलेले.

मग ती म्हणाली, "आज पिंजरे आपण दोघी धुवायचे, आणि सरांना मी सांगते, सगळं पहिल्यापासून करणार म्हणून. तू फक्त एक कर बाई, उंदरांवरची माया आवर. करायचीच असेल तर माझ्यावर कर. डबा उघड, कालपासून जेवले नाहीये मी."