पाच वर्षांचे ज्योतिषी आणि म्वानाइडी

तज्ज्ञ हा प्राणी मी बावीस वर्षं जवळून पाहिलाय. टांझानियातल्या टांगा शहरातल्या सभागृहात माइक आणि आवाज सांभाळणं हे माझं काम. शेजारच्या काचेच्या खोलीत म्वानाइडी बसायची. पाहुणा इंग्रजीत बोलला, की तोंडातलं आलं गालाशी सरकवून ती तेच स्वाहिलीत सांगायची. कोळ्याची पोर, मिशनात धुणी धुता धुता इंग्रजी शिकलेली. पदरचा एक शब्द तिनं कधी घातला नाही.

तज्ज्ञांना दिसतं ते सगळं पाच वर्षांवर असतं. पाच वर्षांत कागद जाणार, पाच वर्षांत शाळा ओस पडणार. कागद अजून आहे. त्यांच्याच भाषणांचे गठ्ठे मी उचलतो.

गेल्या वर्षी डॉक्टर म्रेमा आले. विषय, उद्याचं तंत्रज्ञान आणि समाज. समाज त्यांनी विमानाच्या खिडकीतून पाहिला असावा. म्हणाले, "पाच वर्षांत दुभाषे संपतील." म्वानाइडीनं तेही आवाज न बदलता सांगितलं. मग माइक बंद करून मला म्हणाली, "सैदी, माझ्या मयताची दवंडी माझ्याच तोंडून पिटवली बघ मेल्यानं."

संयोजकांना तर पाच वर्षंही धीर निघाला नाही. पुढच्याच महिन्यात तिच्या माहेरच्या गावी सुनावणी होती. किनाऱ्यावर मोठं संगणककेंद्र व्हायचं होतं आणि ते झालं की होड्या लावायला जागाच उरणार नव्हती. हरकत असेल त्यानं त्याच दिवशी समितीपुढे बोलायचं, नंतर नाही. म्वानाइडीला बोलावलं नाही. नोटीस यंत्रानंच स्वाहिलीत केली. वेळ, दहा वाजता.

आमच्याकडे उजाडल्यापासून तास मोजतात. सकाळचे दहा म्हणजे आमचे चार, आणि आमचे दहा म्हणजे दुपारचे चार. शेंबड्या पोरालाही हे कळतं. समितीत म्रेमा धरून नुसते डॉक्टर होते.

सकाळी दहाला मी माइक लावून तयार, मांडव रिकामा. म्रेमा म्हणाले, "लोक समाधानी आहेत, म्हणून आले नाहीत."

मी म्हटलं, "साहेब, ते दुपारी चारला येतील."

"तुम्ही आवाजाचं बघा."

अकराला समिती जेवायला शहरात गेली, ती परतलीच नाही. दुपारी चारला सारं गाव धुतलेल्या टोप्या घालून आलं, अगदी वेळेवर. मी तारा गुंडाळत होतो. त्यांच्यात म्वानाइडीही होती. थोरल्या भावानं, शेकुएनं, फोनवर 'दहा' सांगितलं आणि तीही आमच्याच दहाला आली. जन्मभर लोकांच्या वेळा बदलून सांगणारी बाई आपल्या माणसांत होती, म्हणून बेसावध राहिली.

महिन्याभरानं अहवाल आला. यंत्राचं स्वाहिली ऐकून लोक हसतील, म्हणून गावात वाचायला तिलाच बोलावलं. तिनं वाचलं, "एकही हरकत आली नाही. समाजानं नव्या तंत्रज्ञानाचं मनापासून स्वागत केलं."

शेकुए उठला. "हे तू म्हणतेस?"

"नाही दादा. मी फक्त सांगते."

"मग ते यंत्र काय वाईट होतं?"

म्वानाइडी पुढचं वाक्य वाचायला लागली. तिचा आवाज मागं पोचेना, म्हणून मी तो वाढवला. मलाही त्याचाच पगार मिळतो.