नलिनीअक्का उत्तर सांगत नसत

फोन आला तेव्हा मी बंगळुरूच्या शिवाजीनगर बस स्टँडवर होते. नलिनीअक्कांच्या भावाचा फोन. "अक्का गेली. झोपेतच," एवढंच ते म्हणाले. समोरची बस मी सोडून दिली आणि तिथेच उभ्या उभ्या रडले. लोक बघत होते. बघेनात का!

आता महिना उलटून गेला. आम्ही दोघी इथल्याच एका लहानशा शाळेत इंग्रजी शिकवायचो. मी लग्न होऊन पुण्याहून आलेली, तर अक्का इथल्याच बनशंकरीच्या. त्यांचं मराठी घराणं कधीपासून बंगळुरूत आहे, हे त्यांनाही धड सांगता यायचं नाही. "स्वल्प थांब की गं," "सरी, चल आता," असं त्यांचं कानडी मिसळलेलं मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. त्यांना माझं मराठी ऐकून धडकी भरायची. "तू बोलतेस का भांडतेस गं?" त्या विचारायच्या. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा भांडतच असायचे.

भांडण एकाच गोष्टीवरून. आमची मुलं घरी उर्दू, तमिळ नाहीतर कन्नड बोलणारी. इंग्रजी त्यांना भेटतं ते फक्त वर्गात. अशा मुलांकडून आधी उत्तरं पाठ करून घ्यावीत, विचारबिचार मागाहून बघू, हे माझं मत. अक्का तडकायच्या. "भाषा येत नाही म्हणजे डोकं नाही, असं कुठंय? डोकं घरनं घेऊनच येतात की ती!"

एकदा मी त्यांच्या तासाला मागे बसले होते. आयेशा नावाच्या मुलीला लवकर घरी जायचं होतं. दप्तर पाठीला लावून ती म्हणाली, "आय अॅम कमिंग, मिस," आणि निघाली की दाराकडे! मी असते तर "गोइंग म्हण" सांगून मोकळी झाले असते. अक्कांनी दुसऱ्या दिवशी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं. पोरीचा चेहरा पडला. "चूक का बरोबर ते राहू दे," अक्का म्हणाल्या, "तू असं का म्हणालीस, ते सांग." मग एकेकाला विचारत गेल्या, घरातून निघताना तुमच्याकडे काय म्हणतात? उर्दूवाल्यांकडे 'जाको आतूं', कन्नडवाल्यांकडे 'बर्तीनि', म्हणजे येतो, तमिळवाल्यांकडेही जाऊन येतो असंच. "आमच्यातही 'येते' म्हणतात. 'जाते' म्हटलं की आई रागवायची," अक्कांनी आपलं सांगितलं. "मग इंग्रजी माणूस 'जातो' का म्हणतो? त्याचं आईवर प्रेम नाही?" वर्ग पेटलाच! मोडक्यातोडक्या इंग्रजीत जो तो बोलायला लागला. शेवटी आयेशाच म्हणाली, "मिस, इंग्लिश आपल्या पायांकडे बघतं. आपण दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघतो." मी थक्क झाले. त्यानंतर 'कमिंग' आणि 'गोइंग'मध्ये त्या वर्गात कुणी गोंधळ केल्याचं मला आठवत नाही.

हे सगळ्यांना रुचायचं असं नाही. पालक तक्रार घेऊन यायचे, मिस उत्तरं लिहून देत नाहीत, नुसती पोरांना भांडायला लावतात. मुख्याध्यापक अक्कांना बोलावून घ्यायचे. "मी दिलेलं उत्तर माझंच राहतं, सर. पेपरात प्रश्न जरा फिरवला की पोरं कुणाकडं बघणार?" एवढं बोलून त्या शांतपणे वर्गावर निघून जायच्या. केवढा धीर होता त्या बाईत! मला तर मुख्याध्यापकांनी नुसती हाक मारली तरी घाम फुटतो.

त्या गेल्या आणि त्यांचा दहावीचा वर्ग माझ्याकडे आला. "परीक्षा तोंडावर आहे. आता प्रयोग नकोत, उत्तरं लिहून द्या," मुख्याध्यापक म्हणाले. मी मान डोलावली. उत्तरं दिली नाहीत आणि मुलं नापास झाली, तर काय तोंड दाखवू? आणि दिली, तर अक्कांनी एवढ्या वर्षांत जे उभं केलं त्याची माती माझ्याच हातून होणार. शेवटी भीतीच जिंकली. उत्तरं तयार करून, पर्समध्ये घालून मी वर्गात शिरले.

मुलांनी फळ्यावर अक्कांचं नाव सजवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'नलिनी मिस टीचेस अस इंग्लिश.' मी सवयीने डस्टर उचलला. "टीचेस नाही रे, टॉट."

"येस मिस, टॉट," पुढच्या बाकावरचा कार्तिक म्हणाला. "मिस आता येणार नाहीत."

"नो," आयेशा उठली. "काल मी उत्तर लिहीत होते, तर मिसनी मला विचारलं, का? इथे, डोक्यात. म्हणून टीचेस."

"ते तूच तुला विचारलंस. मिसनी नाही."

"पण असं विचारायला मला कुणी टॉट?"

"बघ! तूच म्हणालीस, टॉट!"

सगळा वर्ग हसला. आयेशाही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. कार्तिकचेही डोळे भरले होते, पण गडी मागे हटेना. मागून कुणीतरी तिसराच मुद्दा काढला, त्याला चौथ्याने अडवलं... बाकाबाकांवर वाद चालू झाला. मी डस्टर हातात घेऊन उभी होते. कोण बरोबर, हे विचारायला एकही मूल माझ्याकडे वळलं नाही.