फ्लेक्सवरचा ‘ॲट’

परंड्याच्या एका कॉलेजात मला तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायला घ्यायचं ठरलं. ऑर्डर सोमवारी हातात पडणार होती. पण तेरच्या मामांना त्याआधीच कॉलेजच्या दारात माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचा होता. “भाचा प्रोफेसर झालाय, कळू दे की लोकांला!”

त्यांनी मजकूर पाठवला. ‘लेक्चरर ऑफ इंग्लिश ऑफ परंडा.’ इंग्रजीच्या मास्तराचं इंग्रजीच गेटवर चुकलेलं दिसलं, तर प्राचार्य ऑर्डर देतील कशाला? आधीच किती वर्षं घरी बसून काढलेली. व्याकरणाची पुस्तकं उपसली. ‘ऑफ’ उडवले, विषयाला ‘इन’ लावला, परंड्याला ‘ॲट’. मामांनी व्हॉट्सॲपवर नमुना टाकला, तेव्हा तेवढी एकच ओळ बोटांनी ताणून मोठी केली, दहादा वाचली आणि कळवलं, ‘ओके.’

सोमवारी गेटसमोर उतरलो. ‘ॲट’ जागच्या जागी होता. त्याच्यावर, माझ्या तोंडाच्या तिप्पट, एक तोंड हात जोडून हसत होतं. मामांचे पुढारी! गेल्या निवडणुकीत आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना पाडणारे.

मामा शिडी घेऊन गेटपाशीच उभे होते.

“मामा, ह्यांना कशाला घेतलं?”

“आरं, पुढाऱ्याबिगर फ्लेक्स आसतो व्हय? आन् तूच ओके म्हनलास न्हवं?”

“काढा आधी!”

मामा शिडीवर चढले. एक कोपरा सुटला आणि अध्यक्षांची गाडी आली. फ्लेक्स दुमडून माझा चेहरा झाकला गेला. पुढारी तेवढे हसत राहिले.

गाडीची काच खाली झाली. “काय सर, हे कवापासून तुमचे पाव्हणे?”

“माझे नाहीत साहेब, मामांचे...” मी शिडीकडे बोट दाखवलं.

“आसू द्या. जळकोटला बी आपली शाखा हाय. हवा लई चांगली तिथली.”

ऑर्डर मिळाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. एसटीत बसलो तरी दर थांब्याला खिशातली ऑर्डर चाचपत होतो. फोन करून परत मागतील असं वाटायचं. तुळजापूर गेलं आणि फोन वाजलाच.

मामा होते. “काळजी करू नको. आता फोटू अध्यक्षांचाच घेतलाय, दोन हात मोठा.”

“मामा, पाया पडतो तुमच्या. काहीच लावू नका.”

“आता कुठं? जळकोटच्या फाट्यावर कवाच लागला.”