डाव्या कोपऱ्यातले बासष्ट किलो

तलावाकाठच्या बोट क्लबात त्याला सगळे मापारी म्हणत. मोजमाप हेच त्याचं काम होतं. बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर फळी घेऊन उभं राहायला लोक तिथे येत. सुरुवातीला दोरी धरायची, तोल सापडला की सोडून द्यायची, आणि मग बोट पुढे नि माणूस मागे, मध्ये नुसतं पाणी. ती लाट मापारी तयार करायचा.

बोट पाण्यात जितकी खोल बसेल तितकी मागची लाट उंच. म्हणून सीटांखालच्या खणांत जाड रबराच्या मोठ्या पिशव्या ठेवलेल्या असत आणि पंप लावून तलावाचंच पाणी त्यांच्यात भरायचं. क्लबात त्यांना म्हशी म्हणत. भरल्या की फुगून कुशीवर पडायच्या आणि एकदा बसल्या की चार माणसांना हलायच्या नाहीत. मागे दोन, पुढे बोटीच्या नाकाखाली एक. डावीकडच्या लाटेवर कुणी उभं राहणार असेल तर मागची डावी म्हैस काठोकाठ, उजवी पाव, पुढची निम्मी. पुढे पाणी कमी पडलं तर लाट उभी राहते पण तोकडी होते. जास्त झालं तर लांबते पण लेचीपेची. पिशवीत हवा राहिली तर सगळंच फसवं. मापारी गुडघा टेकून हवा काढायचा आणि शेवटी रबराला कान लावायचा. चालक म्हणायचा, "झालं का? बाळ लाथा मारतंय का?" चालक त्याच्याच वयाचा, सोळा वर्षांपासूनचा सोबती. ही थट्टाही तेवढीच जुनी.

कोणत्या पिशवीत किती, हे मापाऱ्याने एका वहीत लिहून ठेवलं होतं. पानं पाण्याने फुगली होती, आकडे मात्र शाबूत. प्रत्येक पानावर आधी बोटीत कोण ते लिहायचं. गिऱ्हाइकं असली तर त्यांची संख्या. नसली तर 'बोट रिकामी', म्हणजे चालक आणि तो, बाकी कुणी नाही.

दुरुस्तीच्या शेडमागच्या दोन खोल्यांत तो राहायचा. सव्वीस महिन्यांपासून एकटा. मुलगी परदेशी, तिच्या बाळंतपणासाठी बायको गेली ती तीन महिन्यांसाठी. मग नात अशक्त निघाली, मग मुलीची नोकरी सुरू झाली, मग पाळणाघरात जागा मिळेना. कारणं सगळी खरी होती. एकही खोटं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं. बायकोची चप्पल त्याने दारातून हलवली नव्हती. झाडताना उचलायचा आणि पुन्हा होती तशीच ठेवायचा, डावी जरा पुढे.

रविवारी फोन यायचा. आठवडाभर तो एकच वाक्य तयार करायचा: आता परत ये. अंघोळीच्या वेळी ते नीट जमायचं. फोन आला की तो तिकडच्या हवेबद्दल विचारायचा, नातीच्या दातांबद्दल विचारायचा. शेवटी ती विचारायची, "तुमचं चाललंय ना नीट?" तो म्हणायचा, "चाललंय." फोन ठेवल्यावर तो शब्द तोंडात बराच वेळ राहायचा, औषधाच्या गोळीची चव राहते तसा.

त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला एक प्रशिक्षक बाई सहा विद्यार्थी घेऊन महिनाभरासाठी आल्या. त्यांची अट एकच होती. प्रत्येक मुलाला प्रत्येक वेळी तीच लाट हवी, म्हणून बोटीत चालक आणि मापारी सोडून कुणी बसायचं नाही. क्लबच्या मालकाने मापाऱ्याला सांगितलं, रिकाम्या बोटीचं पान काढ. गेल्या दोन हंगामांत ते पान लागलंच नव्हतं. गिऱ्हाइकं कुटुंबकबिल्यासकट यायची आणि मागच्या सीटवर दाटीवाटीने बसायची.

पहिल्याच फेरीत लाट पडली. उठली, हातभर पुढे आली आणि मान टाकून बसली. मुलगा दोरी सोडताच मागे राहून बुडाला. बाईंनी शांतपणे सांगितलं, ही लाट शिकवण्याजोगी नाही. मापाऱ्याने हवा पुन्हा काढली. दुसऱ्या दिवशी पंप उघडून पाहिला, इंधनाची टाकी तपासली, बोटीचा वेग थोडा थोडा वरखाली करून घेतला. डावी म्हैस आधीच काठोकाठ होती, तिच्यात आणखी थेंब मावत नव्हता. आकडे चुकलेले नाहीत, एवढंच तो म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला की वही जुनी झाली, बोट जुनी झाली, आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं.

संध्याकाळी बोट धक्क्याला बांधताना चालक मागच्या डाव्या सीटकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "हे पान लिहिलं तेव्हा वहिनी कुठे होत्या रे?"

मापाऱ्याला बायको तिथे बसलेली दिसली. दुपारचं घरकाम आटोपलं की ती यायची, फाटकी लाइफ जॅकेटं मांडीवर घेऊन त्या कोपऱ्यात बसायची आणि पट्टे शिवायची. क्लब तिला दर जॅकेटामागे काहीतरी द्यायचा, पण ती यायची ती वाऱ्यासाठी. चाचणीच्या प्रत्येक फेरीला ती तिथे असायची, मागे लाटेकडे पाठ करून. बोट वळली की सुई दातात धरायची. मापारी पुढच्या सीटवरून मागे तोंड करून लाट बघायचा आणि वहीत लिहायचा: बोट रिकामी.

खोलीत येऊन त्याने दिवा लावला नाही. बराच वेळ वही मांडीवर होती. रविवार नव्हता, तरी त्याने फोन लावला.

तिने घाबरून विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही, तुझं वजन किती होतं?

"माझं वजन?" ती हसली. "आता कुणाला विकताय मला? मोडीत काढायचं वय झालं माझं."

"तेव्हाचं सांग. जॅकेटं शिवायचीस तेव्हाचं."

"बासष्ट. आता चोपन्न. तुमची नात पळवते मला दिवसभर. का पण?"

त्याने सांगितलं. लाट कशी पडते, पंप कसा उघडला, चालक काय बोलला. बोलता बोलता 'बोट रिकामी' हे शब्दही त्याला उच्चारावे लागले. पलीकडे नात कुठेतरी भांडी आपटत होती.

"म्हणजे मी एवढी वर्षं तिथे बसत होते," ती म्हणाली, "आणि तुमच्या हिशेबी तिथे कुणी नव्हतं."

"होतीस म्हणून कळलं नाही."

"मग आता काय, बासष्ट किलोंची दुसरी बघताय?"

तो हसला नाही. तयार केलेलं वाक्य शोधू लागला, पण ते अंघोळीच्या वेळचं होतं, इथे सापडेना. मग जे हाताला लागलं ते तो बोलला. "चाललंय असं मी दर वेळी सांगतो, ते खोटं आहे. तू परत ये."

ती म्हणाली, "किती महिने मी हेच ऐकायला थांबले होते. नंतर नंतर थांबायचं सोडून दिलं. आता इथलंही एक पोर माझ्याशिवाय जेवत नाही." आणि थोड्या वेळाने, "बघते." तिने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नातीला ओरडून तिने फोन ठेवला.

सकाळी मापाऱ्याने जुन्या सामानातून एक लहान पिशवी काढली. अशा पिशव्या सीटवर ठेवायच्या असतात. धक्क्यावरच्या काट्यावर ठेवून तिच्यात पाणी भरलं, बासष्टला पंप थांबवला आणि चालकाच्या मदतीने ती मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवली. बोट त्या अंगाला किंचित कलली. त्याच्या पायांना तो कल ओळखीचा वाटला, डोक्याला कळायच्या आधी.

लाट आली. खांद्याइतकी उंच, लांब, गुळगुळीत, कडेला जराशी फेसाळ. मुलाने दोरी सोडली आणि तो लाटेवर राहिला. नुसता राहिला, पडेचना. बाई काठावरून टाळ्या वाजवत होत्या. चालकाने न वळता अंगठा वर केला. मापारी मागे तोंड करून बसला होता, म्हणून त्याला लाट दिसायची असेल तर त्या पिशवीवरूनच पाहावं लागत होतं. काळी, ओली, गप्प. वळणावर ती जरा डुलली आणि पुन्हा स्थिरावली. पाण्याला बायकोच्या जागी बसणं इतकं सहज जमत होतं याचा त्याला राग आला.

दुपारी मालक खूश होऊन खाली आला. म्हणाला, रोज भरा, रोज उचला, ही कटकट कशाला? सीट काढून टाकू, तिथे बासष्ट किलोंची शिशाची पट्टी बोल्टने कायमची बसवू. मिस्त्री उद्या येतोच आहे. बाईंनाही ते पटलं. चालकाने मापाऱ्याकडे पाहिलं. सोळा वर्षांत मापाऱ्याने मालकाला कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

"सीट काढायची नाही," मापारी म्हणाला.

"का? बसतं कोण तिथे?"

"मी रोज भरीन. रोज उपसून ठेवीन."

"किती दिवस?"

मापाऱ्याने खांदे उडवले नाहीत, की मान खाली घातली नाही. "ते माझ्या हातात नाही," तो म्हणाला. मालक मिस्त्रीला फोन करून येऊ नको म्हणाला आणि वर निघून गेला.

संध्याकाळी मुलं गेल्यावर मापाऱ्याने लहान पिशवीचं तोंड उघडलं. पाणी बोटीच्या कडेवरून तलावात परत जाऊ लागलं. पंपाने दोन मिनिटांचं काम होतं, पण त्याने पंप लावला नाही. रबर हळूहळू बसत गेलं तसा सीटचा निळा रेक्झिन दिसू लागला, मधोमध थोडा दबलेला. तो फडक्याने पुसून त्याने कोरडा केला.