किडे नसलेले मासे

जबलपूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आमच्या घरी मासा शिजत नाही, पण नोकरीत मी हजारो मासे चिरले असतील. आतडं सोडवायचं, ताटलीत पाणी घालून पसरायचं, आतले परजीवी किडे मोजून बाटलीत भरायचे. घरी यायला वेळ झाला की नवरा म्हणतो, "काहून उशीर? कोणाचं पोट फाडून राहिली होती?" मी सांगते. तो जेवत राहतो.

मासे मी एकाच मासेवालीकडून घेते. तिचा नवरा नदीत दोन ठिकाणी जाळं टाकायचा. एक शहराच्या वर, आणि दुसरं खाली, मोठा नाला नदीला मिळतो त्या डोहात. भांड्यांना, सुट्या भागांना मुलामा देणाऱ्या लहान कारखान्यांचं पाणी त्या नाल्यात येतं, हे सगळ्यांना माहीत होतं. वरच्या माशांच्या पोटात किडे निघत आणि गिऱ्हाईक ते परत टाकत. मग ती मला हाक मारायची, "दीदी, आपका माल अलग रखा है. कीड़ेवाला." बाजूच्या बायका हसायच्या. खालच्या माशांत मात्र किडा औषधालासुद्धा मिळत नसे.

दोन वर्षांपूर्वी तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मासेवालीने मला विचारलं, "दीदी, बच्ची को कौन-सी खिलाऊँ? आप तो अंदर तक देखती हो."

मी त्याच सकाळी दोन्हीकडचे मासे चिरले होते. म्हटलं, "नीचे वाली. पेट एकदम साफ है."

मी पोट पाहिलं होतं, पाणी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं किडे मोजून मला किडा म्हणजे खराबी एवढंच दिसत होतं.

आमच्या सरांनी त्या सुमारास दोन्ही ठिकाणचे मासे आणि किडे धातूंच्या तपासणीसाठी बाहेर पाठवले होते. अहवाल यायला बरेच महिने गेले. तोवर नव्या माशांचं काम थांबलं होतं, बाजारात माझं जाणं झालं नव्हतं. खालच्या माशांच्या यकृतात आणि मांसात शिसं होतं, कॅडमियम होतं. किडे नव्हते, कारण किड्यांची पिल्लं ज्या बारीक पाणकिड्यांतून माशात शिरतात, ते त्या पाण्यात जगतच नव्हते. वरच्या माशांत शिसं कमी होतं, आणि जे होतं त्यातलं बरंचसं किड्यांनी स्वतःत शोषून घेतलं होतं. सरांना ते फार रंजक वाटलं. मी हात धुतले आणि रिक्षा करून मासेवालीकडे गेले.

ती खवले काढत होती. मुलीचं विचारलं. सातव्या महिन्यातच झालं, म्हणाली. मूल मेलेलंच आलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी होतं.

"मछली कौन-सी देती थीं?"

"वही, नीचे वाली. आपने कहा था ना. रोज़ दी."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर मला बोलणं सोपं गेलं असतं. मी उभ्या उभ्याच अहवालात काय आहे ते सांगितलं, आणि माझं चुकलं हेही. ती सुरी थांबवून ऐकत होती.

"तो उसी से हुआ?"

"पता नहीं. हो सकता है. पक्का कोई नहीं बता पाएगा."

हे खरं होतं, पण तिच्या काहीच कामाचं नव्हतं. तिने पुन्हा सुरी चालवायला घेतली. "नीचे जाल नहीं डलेगा अब," एवढंच म्हणाली. नवऱ्याने डोह सोडला. दुसऱ्या कोणी धरला असेल.

यंदा मुलीला पुन्हा दिवस गेले आहेत. आठवड्यातून दोनदा मी वरचा मासा घेते, प्रयोगशाळेच्या सिंकमध्ये साफ करते, मांस उजेडात धरून तपासते, डब्यात भरून त्यांच्या घरी पोचवते. नीट शिजवलं की भीती नाही, हे मी दरवेळी सांगते. मुलगी दारात येऊन डबा घेते, "जी दीदी" म्हणते. मोठ्या आवाजात कधी बोलत नाही.

परवा मासेवालीच म्हणाली, आता डबा आणू नका. पोरगी तो उघडतच नाही. दिवसभर डाळभात खाते, आणि वाढण्याआधी विचारते, पाणी कुठलं आहे.

मी म्हटलं, "नल का ही दीजिए. उबालकर."

मासेवालीने मान हलवली. तिने मुलीला तेच सांगितलं होतं. मुलीने विचारलं होतं, हे कोण म्हणालं.