उडदाच्या पिठाची सतार

सुताराच्या दारात सरस उकळत असला की त्या उग्र वासाने माझं डोकं आजही फिरतं. कल्याणला असताना परसातल्या भोपळ्याची मी स्वतः एक सतार केली होती. दोनदा तारा बदलल्या, तारांखालची घोडी तर घासून घासून अर्धी केली, तरी मेला आवाज बसकाच. शेवटी शेजारच्या सुताराने भोपळ्यावरची लाकडी तबली दाबून पाहिली आणि म्हणाला, "ही हलते. सरसाशिवाय धरायची नाय." सरसाचं मडकं घेऊन घरी आलो, तर वडील दारातच आडवे आले. "कातडी शिजवून केलेली घाण घरात आणतोस? उडदाचं पीठ लाव." लावलं. पुढच्या गुरुवारी सतार मांडीवर धरून आगगाडीने ठाण्याला बुवांकडे गेलो. माझा हात पाहून ते शिकवायचं की नाही ते ठरवणार होते. त्यांच्यासमोर तारा चढवल्या मात्र, पावसाळी हवेने ओलसर झालेलं पीठ सुटलं आणि तबली कर्रकन वर आली. बुवा म्हणाले, "आधी वाद्य धड करा, मग या." पुन्हा गेलो नाही. घरी पोचलो तेव्हा वडील देवघरात आरतीला पखवाज वाजवत होते. दोन्ही तोंडांना कातडं मढवलेला तो पखवाज कायम देवांशेजारीच असायचा. आता वडील नाहीत, पखवाज माझ्याकडे आहे. त्याचं एका बाजूचं कातडं फाटलंय, आणि मी ते बदलून घेत नाही.